पाइनवरच्या अळ्या एकदम मान उडवतात, बीटीला दाद देत नाहीत. ह्या कोण?

सुईदोरा (धागाकर्ता)

लोकहो, मदत हवी आहे.

अंगणात एक मुगो पाइन आहे. बुटका, झुडपासारखा पसरणारा. गेल्या आठवड्यात त्याच्या दोन फांद्या करपल्यासारख्या दिसल्या. आधी वाटलं पाणी कमी पडलं. जवळ गेलो तर सुयासुयांवर अळ्या, एकेका सुईला दोन-तीन, तोंडं सगळ्यांची टोकाकडे. करडा-हिरवट रंग, अंगावर फिकट पट्टे, डोकं काळं आणि बुटाला पॉलिश केल्यासारखं चकचकीत. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर.

हात पुढे केला आणि अख्ख्या फांदीवरच्या अळ्यांनी एकाच वेळी मान मागे टाकली. कवायतीत 'सावधान' म्हटल्यावर व्हावं तसं. हात मागे घेतला की हळूहळू खाली. परत हात नेला की परत वर. हा खेळ मी किती वेळ खेळलो ते घरात सांगितलेलं नाही.

असो. बीटी होतं (जिवाणूवालं, अळ्यांवर मारतात ते). उन्हं उतरल्यावर नीट फवारलं. आज पाचवा दिवस. अळ्या मेल्या तर नाहीतच, उलट बाळसं धरलंय. फोटो चढत नाहीये, म्हणून इतकं वर्णन केलं. झाड वाचेल का? आणि ह्या आहेत तरी कोण?

---

ढगोबा

बीटी जुनं असणार. उन्हात राहिलं की त्याचा दम जातो. ताजं आणा आणि प्रमाण दुप्पट करा.

---

आळीमिळी

ढगोबा, थांबा. सुईदोरा, दुप्पट काय, दसपट मारलंत तरी ढिम्म हलणार नाहीत. आधी एक काम करा. एक अळी घ्या, उताणी करा आणि पाय मोजा. पुढचे टोकदार वेगळे मोजा, मागचे बुटके मांसल वेगळे. जमलं तर भिंगातून डोळे पण बघा.

---

सुईदोरा

मोजले. सोपं काम नाही हे, बया सारखी वळवळते. शिवाय तोंडातून एक थेंब काढून माझ्या बोटाला लावला. चिकट, आणि वास अगदी टर्पेंटाइनचा!

पुढे टोकदार पायांचे तीन जोड. मागे बुटक्यांचे आठ जोड. दोनदा मोजले. डोळा प्रत्येक बाजूला एकच, काळा ठिपका.

---

आळीमिळी

मग निकाल लागला. ही पतंगाची अळी नाहीच. ही करवत माशीची, म्हणजे सॉफ्लायची अळी.

फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांना मागचे मांसल पाय जास्तीत जास्त पाच जोड असतात, आणि त्यांच्या तळव्याला बारीक आकड्यांची रांग असते. करवत माशीच्या अळीला सहसा सहापासून पुढे, तुमच्या पाइनवरच्या घराण्यात आठ जोड, आणि आकडे नाहीत. डोळ्यांचंही तेच. पतंगाच्या अळीला एका बाजूला साधारण सहा बारके डोळे पुंजक्याने असतात, हिला एकच. एवढं बघितलं की पुस्तक उघडायची गरज नाही.

नावात माशी असली तरी ही माशी नव्हे. पंख चार. गांधीलमाशी, मधमाशी, मुंगी ह्यांची ही भाऊबंद, आणि त्यातली जुनी शाखा. गांधीलमाशीची ती बारीक कंबर हिला नाही, धड सलग असतं. डंख नाही, त्यामुळे चावण्याडसण्याची भीती शून्य. डंखाच्या जागी मादीला करवतीसारखी दातेरी पाती असते. तिने ती सुईची कड चिरते आणि चिरेत अंडं सरकवते. नाव त्यावरून.

आता बीटी का चाललं नाही? बाजारात सहसा मिळतं ते कुर्स्टाकी वाण. त्याचं विष पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात विरघळतं आणि तिथल्या पेशींना जाऊन चिकटतं. तुमची अळी त्या वर्गातलीच नाही. ढगोबांचा सल्ला ऐकला असता तर पैसा आणि पाणी दोन्ही वाया. (ढगोबा, राग नसावा. ही चूक मी स्वतः दोन मोसम केली आहे.)

तुमच्या वर्णनावरून मी पैज लावेन ती निओडिप्रियॉन सर्टिफरवर, युरोपीय पाइन करवत माशीवर. काळं डोकं, करडा-हिरवा रंग, वसंतात घोळक्याने खाणं, मुगो पाइन, सगळं जुळतंय. मूळची युरोपातली. १९२५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सापडली आणि तिथून पसरली.

---

ढगोबा

राग कसला! पाय मोजायचे असतात हेच आज कळलं. मुळा-मोहरीवर काळ्या अळ्या येतात, शेतकरी 'काळी माशी' म्हणतात, ती ह्यातलीच का?

---

आळीमिळी

हो, तीही करवत माशीच. घराणं वेगळं, पण पायांची गंमत तीच. तिथेही बरेच जण सुरवंट समजून औषध मारत बसतात.

---

कुंडीतलं_जंगल

तो टर्पेंटाइनचा थेंब काय प्रकार आहे? विष आहे का? सुईदोरांनी हात धुतला ना?

---

निरीक्षक

त्यावर फार सुंदर काम झालंय. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं होतं, ह्याच सर्टिफर अळीवर.

पाइनची राळ हे झाडाचं हत्यार. चिकट, तिखट, कीटकाचं तोंड बंद करणारी. ही अळी सुई खाताना त्यातली राळ वेगळी काढते आणि घशामागच्या दोन पिशव्यांत साठवते. पुढे आतड्यात जातो तो बिनराळेचा घास. मुंगी किंवा कोळी अंगावर आला की मान वळवून राळेचा थेंब बाहेर काढायचा आणि त्याला फासायचा. मुंगीचे पाय, मिशा चिकटतात, ती स्वतःला पुसत बसते आणि अळी सुटते. म्हणजे झाडाने शत्रूसाठी बनवलेली ढाल ह्या बाईंनी चोरून स्वतःच्या खांद्याला लावली.

मान उडवायची कवायत त्याच्याच जोडीची. एकीने दचकून मान टाकली की शेजारणी टाकतात. शंभर थेंब एकदम समोर आले तर मुंगीने तरी काय करायचं?

अळी कात टाकते तेव्हा त्या पिशव्यांचं अस्तरही कातीबरोबर निघतं आणि साठा जातो. पुन्हा शून्यापासून जमवाजमव. मला ह्यात कायम घर बदलणाऱ्या माणसाचं सामान आठवतं.

---

कुंडीतलं_जंगल

क्या बात है. वाचनखूण साठवली.

---

सुईदोरा

आळीमिळी, निरीक्षक, दंडवत. हाताचा चिकटा साबणाने गेला नाही, तेलाने गेला.

आता मुद्द्याचं. झाड जगेल का?

---

आळीमिळी

बहुतेक जगेल. एक बघा. फांदीच्या टोकाची कोवळी वाढ खाल्लीय का? की फक्त मागच्या जुन्या सुया?

---

सुईदोरा

टोकं शाबूत आहेत! मेणबत्तीसारखे नवे कोंब तसेच उभे, मागे सगळं भुंडं. बैलाच्या शेपटीला गोंडा असावा तशी फांदी दिसतेय. मागच्या काही सुयांच्या नुसत्या वाळक्या काड्या उरल्यात, पिवळट, पीळ पडलेल्या.

---

आळीमिळी

त्या काड्या म्हणजे त्यांच्या बालपणाची खूण. नुकत्या निघालेल्या अळीच्या जबड्यात अख्खी सुई कापायचं बळ नसतं. ती वरवरचा हिरवा गर खरवडते आणि मधली शीर सोडते. शीर वाळून वाकडी होते. मोठी झाली की सुई टोकापासून बुडापर्यंत गट्टम. त्यामुळे वसंतात अशा काड्या दिसल्या की समजायचं, आत्ताच पकडलं तर स्वस्तात काम होईल.

जुन्याच सुया का, तर वेळापत्रक. सर्टिफर हिवाळा अंड्यातच काढते, सुईच्या आत. वसंतात अळ्या निघतात तेव्हा त्या वर्षीच्या सुया उमललेल्या नसतात, खायला मागच्या वर्षीच्याच. त्यात कोवळ्या सुयांच्या राळेतली काही आम्लं ह्या गटातल्या काही जातींना सोसत नाहीत. नव्या सुया ऐन भरात येईतो अळ्या खाऊन-पिऊन खाली उतरतात, जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करतात. झाडाकडे त्या वर्षीची हिरवळ उरते, त्यावर ते तगतं. वाढ खुंटते, दोन वर्षं ध्यान दिसतं, पण एका हंगामात सहसा मरत नाही.

सगळ्याच जाती अशा सभ्य नाहीत. लाल डोक्याची निओडिप्रियॉन लेकॉन्टी (पिवळं अंग, काळ्या ठिपक्यांच्या रांगा) नव्या-जुन्या सगळ्या सुया खाते, कोवळ्या फांदीची साल पण सोलते. पाइनला पानगळीच्या झाडासारखं भुंड्या लाकडावर पुन्हा पालवता येत नाही, त्यामुळे लेकॉन्टीने लहान झाड पूर्ण उघडं केलं तर गेलंच म्हणून समजा. डिप्रियॉन सिमिलिस तिसरीच तऱ्हा. ती घोळक्यात राहत नाही, एकेकटी खाते, वर्षात साधारण दोन पिढ्या काढते आणि दुसरी पिढी नव्या सुयांवरही ताव मारते. ती १९१४ साली कनेक्टिकटमध्ये रोपवाटिकेत सापडली होती.

तुमच्यासाठी उपाय साधा. हातमोजा घाला, फांदी मुठीत धरून अळ्या ओरबाडा, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. घोळक्याने राहतात त्याचा फायदा आपल्यालाच. एक डहाळी कापली तरी एक अख्खं कुटुंब जातं. लहान असत्या तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा कीटकनाशक साबणही पुरला असता. आता जाड झाल्यात म्हणताय, म्हणजे हातच बरा.

---

पाऊलवाट

'हाताने ओरबाडा' हा सल्ला धाग्यात राहणार आहे, म्हणून एक इशारा. आधी ओळख पटवा, मग हात लावा. युरोपाच्या दक्षिण भागात, भूमध्य समुद्राच्या आसपास पाइनवर मिरवणुकी अळी असते, थॉमेटोपिया पिटियोकॅम्पा. झाडावर पांढऱ्या रेशमाचा कापसासारखा गोळा बांधते आणि खाली उतरताना एकीच्या शेपटाला दुसरीचं डोकं लावून रांगेने चालते. ती पतंगाची अळी, अंगभर केस. ते केस हवेतून आले तरी अंग सुजतं, डोळ्यात गेले तर दवाखाना. कुत्रे हुंगायला जातात आणि जिभेला कायमची इजा होऊ शकते.

सुईदोरांची अळी गुळगुळीत आहे, पाय मोजलेत, तेव्हा तिथे प्रश्न नाही. पण दुसरा कोणी हा धागा अर्धवट वाचून केसाळ अळ्या मुठीत धरेल. केस दिसले की हात खिशात.

---

आळीमिळी

पाऊलवाट, शंभर टक्के सहमत. हे मीच आधी लिहायला हवं होतं.

---

भुईनळा

माझ्या पाइनवर जाळं आहे आणि जाळ्यात लेंड्यांचा खच. अळ्या गुळगुळीत वाटतात. तीच का?

---

आळीमिळी

नाही. पण नात्यातली असू शकेल. अ‍ॅकॅन्थोलिडा नावाच्या जाळं विणणाऱ्या करवत माश्या पाइनवर असतात, आणि त्यांच्या अळ्यांना मागचे मांसल पाय नसतातच. म्हणजे तुम्हाला मोजायला कमी काम! एक अळी काढून बघा आणि वेगळा धागा काढा, इथे खिचडी नको.

---

ढगोबा

एक बाळबोध प्रश्न. घोळक्याने राहून त्यांचा काय फायदा? एकाच ताटात शंभर जणी म्हणजे उपासमारच की.

---

निरीक्षक

बाळबोध अजिबात नाही. जॅक पाइनवरच्या एका करवत माशीवर ह्याचं जुनं काम आहे. नवजात अळीला कडक सुईची साल फोडता येणं हीच मोठी परीक्षा. एकटी असली तर बऱ्याचदा फोडता फोडता उपाशी मरते. घोळक्यात एखादीला जमतं, फुटलेल्या जागेपाशी बाकीच्या जमतात आणि त्याच भोकातून खायला लागतात. एकीने नारळ फोडायचा, बाकीच्यांनी खोबरं खायचं.

मादी तरी काय कमी कुशल असते? केंटकी विद्यापीठात कॅथरीन लिनेन ह्यांचा गट ह्याच वंशावर काम करतो. लेकॉन्टी आणि तिची जवळची बहीण पायनेटम ह्यांची त्यांनी तुलना केली. पायनेटम अंडी घालते पांढऱ्या पाइनवर, ज्याच्या सुया अगदी बारीक. तिची करवत लहान, एका सुईत अंडी कमी, आणि अंडी घालण्याआधी ती सुईला एक वेगळी चीर देते, राळ वाहून जावी म्हणून. आधी नळ सोडून टाकी रिकामी करायची, मग अंडं ठेवायचं. दोन्ही जातींच्या संकरातल्या माद्यांचं गणित बिघडतं. करवत एकीची, सवय दुसरीची, आणि बारीक सुईत अंडी वाया जातात. दोन जाती वेगळ्या राहण्यामागे सुईच्या जाडीचा हात आहे, ही मला तरी थक्क करणारी गोष्ट वाटते.

---

कुंडीतलं_जंगल

निरीक्षक, तुम्ही लिहीत राहा, आम्ही शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

सुईदोरा

अपडेट. दोन बादल्या गेल्या. उंचावरची एक फांदी राहिली, तिथे हात पोचत नाही. तिथल्या काही अळ्या आज वेगळ्याच दिसल्या. मलूल, रंग उडालेल्या, सुईला मधोमध लोंबकळतायत, हलवलं तर मान उडवत नाहीत. मी काहीही मारलेलं नाही, शपथेवर.

---

निरीक्षक

विषाणू असण्याची दाट शक्यता. त्या फांदीला हात लावू नका, असू द्या.

ह्या अळ्यांना बॅक्युलोव्हायरस होतो, करवत माश्यांमध्ये तो फक्त आतड्याच्या अस्तरात वाढतो. अळी हगवणीने खंगते, तिची घाण सुयांवर पडते, शेजारीण तीच सुई खाते. घोळक्यात राहण्याची किंमत ही अशी वसूल होते. एका जातीचा विषाणू सहसा दुसरीकडे जात नाही, माणूस-पक्षी-मधमाशी तर लांबच.

ह्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा अपघाताचा आहे. १९३० साली कॅनडाच्या गास्पे द्वीपकल्पात स्प्रूस ह्या सूचिपर्णी झाडावरची युरोपीय करवत माशी प्रचंड संख्येने सापडली. (गिल्पिनिया हर्सिनिई. हिच्यात नर जवळपास नसतातच, माद्याच माद्यांना जन्म देतात.) जंगलंच्या जंगलं उघडी पडू लागली. शास्त्रज्ञांनी युरोपातून तिच्यावर जगणारे परजीवी कीटक मागवून सोडले, वर्षानुवर्षं. त्या पार्सलांबरोबर एक बिनबोलावता पाहुणा आला, हा विषाणू. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साथ कोसळली आणि ती माशी पुन्हा तशी कधी माजली नाही. परजीवींचाही वाटा होता, पण मैदान मारलं विषाणूने. मग शहाणपण आलं, आणि १९४९ मध्ये तुमच्या सर्टिफरचा विषाणू स्वीडनहून मुद्दाम मागवून कॅनडात वापरला गेला.

---

ढगोबा

म्हणजे औषध मारायचंच नाही?

---

आळीमिळी

मी असं म्हणत नाही. लहान झाड, लेकॉन्टी, अळ्या हजारोंनी, अशा वेळी स्पिनोसॅडसारखं काही मारावं लागतं, आणि तेही मधमाश्या फिरत नसताना, कारण ओलं असेपर्यंत ते त्यांना घातक. माझा राग आहे तो डोळे मिटून सरसकट मारण्यावर. दरवर्षी जोरदार काहीतरी मारत राहिलात तर परजीवी आधी मरतात, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच तुमच्या झाडाचे पहारेकरी.

---

पाऊलवाट

पहारेकऱ्यांत चिचुंद्रीला विसरू नका! परिसंस्थाशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने 'हॉलिंग'चे आलेख काढलेत, ते ह्याच अळीच्या कोषांवरून आलेत. बझ हॉलिंग ह्यांचं १९५९ चं काम, दक्षिण ओंटारियोतल्या पाइन लागवडीत. पाचोळ्यातले सर्टिफरचे कोष चिचुंद्र्या आणि उंदीर वास काढून उकरतात. कोष कसा फोडलाय त्यावरून तो कोणी खाल्ला हे त्यांना ओळखता यायचं. कोष वाढले तसे किती जास्त खाल्ले जातात, ते मोजलं.

आणि सोबतचा तो लाडका प्रयोग. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक सहायक टेबलावर बोटाने चाचपत सँडपेपरच्या चकत्या शोधते आहे. चकत्या वाढवत नेल्या तरी एका मर्यादेपुढे तिचा वेग वाढत नाही, कारण सापडलेली चकती उचलून बाजूला ठेवण्यातच वेळ जातो. शिकारीचं गणित, आणि शिकार म्हणजे सँडपेपर. आम्हाला हे शिकवताना मूळ प्राणी पाइनवरची अळी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

---

सुईदोरा

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

झाड जगलं. टोकाच्या गोंड्यांवर काढलं वर्ष. पानगळीच्या दिवसांत पाचोळा चाळला. तपकिरी, चामड्यासारखे कोष मिळाले, शेंगदाण्याच्या दाण्याएवढे. काहींना टोपणासारखी गोल झाकणं, स्वच्छ कापलेली. काहींना बाजूला टाचणीने केल्यासारखं बारीक भोक. दोन नुसते फाडलेले.

आणि काल दुपारी ती स्वतः दिसली. माशीपेक्षा जाड, तांबूस-पिवळट अंग, मंद. सुईवर डोकं टोकाकडे करून बसली होती. पोट वाकवून सुईच्या कडेला टेकवलेलं, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. भिंगातून बघितलं, पाती आत-बाहेर होत होती. थोडी पुढे सरकली, पुन्हा तेच. मी अगदी नाकाजवळ भिंग नेलं तरी उडाली नाही. ती गेल्यावर सुई बघितली, कडेला फिकट ठिपके ओळीने. आठ.

---

आळीमिळी

झाकणवाल्यांतून माश्या निघाल्या, बारीक भोकवाल्यांतून परजीवी. फाडलेले कोणाचे ते पाऊलवाट सांगतील. नर दिसले का? त्यांच्या मिशा पिसासारख्या असतात. मादी गंध सोडते आणि ते लांबून वाऱ्यावर येतात. त्या गंधाच्या मूळ रसायनाला डिप्रियोनॉल म्हणतात, १९७६ साली ओळख पटली. आणि समागम नाही झाला तरी मादी अंडी घालतेच. त्यातून फक्त नर निघतात.

ठिपके असलेल्या सुया आत्ताच खुडून टाकल्या की वसंतातलं काम वाचेल.

---

सुईदोरा

नर दिसले नाहीत. सुया आज सकाळी खुडल्या. एक डहाळी ठेवली आहे, त्या आठ ठिपक्यांची. घरात सांगितलं की तिथे हात पोचत नाही.